खुर्चीचा उजवा हात

खुर्चीवाल्याच्या तोंडात दिवसभर खिळे असत. सोफ्याच्या कडेनं कापड ठोकायचं तर एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून सकाळी कामाला बसताना तो बारीक खिळ्यांची चिमूट गालात सोडायचा, जिभेनं एकेक खिळा वळवून ओठांशी आणायचा आणि हातोडीच्या चुंबकी टोकानं तिथून उचलायचा. जेवणापुरते आणि चहापुरते खिळे बाहेर यायचे. बाकी वेळ बोलणं म्हणजे ‘हं’ आणि ‘अंहं’. ‘हं’चे मात्र अनेक प्रकार होते आणि बायकोला ते सगळे कळायचे.

“लग्नाला होकार दिला, तोही नाकातून,” ती शेजारणींना सांगायची.

गिऱ्हाइकांना वाटायचं, माणूस मोठा गंभीर. गंभीर वगैरे काही नव्हता. खिळा गिळला जाईल ही भीती, एवढंच. पण न बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, आणि एकदा शहाणा ठरलं की माणसाला तोंड उघडणं आणखीच अवघड होऊन बसतं.

घर गल्लीच्या शेवटाला. पुढं दोन खोल्या, मागं परसू, परसात पत्र्याची शेड. शेडमध्ये काथ्याचा ढीग, गोणपाटाचे गुंडाळे, जुन्या स्प्रिंगांचं टोपलं. पत्र्याखाली ओळीनं खुर्च्या: कुणाची पोटं फाटलेली, कुणाचे पाय निखळलेले. दवाखान्याबाहेर बाकावर माणसं बसतात तशा त्या बसून असायच्या. कुंपणापलीकडं दगडाची खाण होती. ती बंद पडून तिच्यात झुडपं माजली होती. तिकडून रात्री काय काय आवाज यायचे. खुर्चीवाल्याचं तिकडं लक्ष नसायचं, कारण परसात स्वतःचे आवाज काही कमी नव्हते.

परसात तिघंजण राहायचे. तिघांनाही कुणी मुद्दाम आणलेलं नव्हतं. सुभेदार नावाचा भलाथोरला कुत्रा एका गिऱ्हाइकानं ‘गावाहून आलो की नेतो’ म्हणून सोडला होता. ते गिऱ्हाईक गावाहून अजून यायचं होतं. कुत्र्याचा आवाज खोल, छाती रुंद, आणि काळीज सशाचं. पाहुणी ही मांजर एका सोफ्याच्या पोटातून निघाली. सोफा परत गेला, पाहुणी राहिली. आणि तिसऱ्या आत्याबाई. ही पांढरी हंसीण बायकोच्या भावानं ‘परसात शोभून दिसेल’ म्हणून दिली होती. दिसायची शोभून. पण तोंड असं की दूधवाला फाटकाबाहेरूनच किटली पुढं करायचा आणि पोस्टमन पत्रं भिंतीवरून आत फेकायचा. मान जमिनीलगत लांबवून, पंख पसरून आत्याबाई फुत्कारत धावून आल्या की भलेभले ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणायचे. कुत्रा तेव्हा झोपलेला असायचा.

अशा या घरी एक दिवस पोस्टाच्या बाई आल्या. पोस्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नाव तेच होतं. हातगाडीवर एक खुर्ची होती आणि बाई गाडीच्या बाजूनं, खुर्चीवर हात ठेवून, चालत आल्या होत्या. खुर्ची उंच पाठीची, लाकडी हातांची, बैठक मधोमध खचलेली.

“कापड नवीन घाला,” बाई म्हणाल्या. “एक स्प्रिंग बोचते म्हणत होते हे, शेवटी शेवटी. तीही बदला. पण खळगा तसाच राहिला पाहिजे.”

खुर्चीवाल्यानं भुवया वर केल्या.

“बसून बसून पडलेला खळगा. ह्यांचा. तो बुजवायचा नाही.”

खुर्चीवाला खुर्चीकडं बघत राहिला. उभ्या आयुष्यात त्यानं खळगे बुजवले होते. लोक त्याच्याकडं यायचे तेच मुळी त्यासाठी. माणूस बसतो, खचवतो, उठतो, जातो; मग खुर्चीवाला काथ्या भरतो आणि कुणी बसलंच नव्हतं असं करून देतो. धंदा हाच. त्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले. दारात ओल्या हातांनी उभी असलेली बायको ते बघून जागच्या जागी थांबली.

“राहील,” तो म्हणाला. “जसाच्या तसा राहील. माझा शब्द.”

बाई गेल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. “कधी नव्हे ते तोंड उघडलंत आणि शब्द देऊन मोकळे झालात! खळगा कुणी धरून ठेवतं का? पाण्याला गाठ मारायचा प्रकार हा.”

“हं,” तो म्हणाला. हे ‘हं’ म्हणजे, तुझं खरं आहे, पण आता काय.

मग त्यानं जन्मात केली नव्हती अशी कारागिरी केली. वाळू भरलेली पिशवी खळग्यात दाबून बसवली, म्हणजे वरचा आकार हलू नये. खुर्ची उलटी टांगून खालून पट्ट्या कापल्या, स्प्रिंग बदलली, नव्या पट्ट्या ताणल्या. वरचा घोड्याच्या केसांचा थर उचललाच नाही; दाभणानं, जागोजागी बारीक टाके घालून, आहे तिथंच बांधून टाकला. कापड चढवताना ते खळग्यात उतरावं म्हणून तो तळहातानं असं चेपत होता, जणू खाली कुणी झोपलंय. पाहुणीनं तिथं निजू नये म्हणून काम नसेल तेव्हा वर फळी ठेवायचा. दोन्ही हात मोकळे करून तो लांबून बघायचा, तेव्हा मधूनच त्याला वाटायचं, माणूस आत्ताच उठून चहा सांगायला आत गेलाय.

द्यायच्या आदल्या संध्याकाळी त्याचं लक्ष खुर्चीच्या हातांकडं गेलं. डावा हात ठीक होता. उजव्या हाताचं टोक मात्र पॉलिश उडून काळपट पडलेलं, तेलकट, बोट लावलं तर चिकटसं. बाईंनी त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. पण एवढं चांगलं काम झाल्यावर हा मळ डोळ्यांत खुपायला लागला. आपल्याकडून एवढं करून द्यावं म्हणून त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि घासायला सुरुवात केली. वरचा काळा थर निघाला, आतलं लाकूड उघडं पडलं. तेवढ्यात अंधारून आलं. उरलेलं सकाळी करू, म्हणून त्यानं खुर्ची पत्र्याखाली ठेवली, वर चादर टाकली. कसरीवर मारलेल्या औषधाचा वास बैठकीतून जावा म्हणून फळी त्या रात्री काढून ठेवली.

सकाळी उजाडता उजाडता तो गालात खिळे टाकून मागच्या दाराशी आला. पाठीच्या कडेची शेवटची ओळ ठोकायची राहिली होती. बाहेरून आवाज येत होता: करर्, करर्, करर्. बोथट करवतीनं कुणी लाकूड कापावं तसा. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आपल्याआधी आपल्या कामाला कोण बसलं?

बायकोनं हा प्रकार पहिल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिला होता, आणि पुढं आयुष्यभर ती तो तिखटमीठ लावून सांगत राहिली. तिखटमीठ काढून टाकलं तरी जे उरतं ते असं.

कुंपणाखालून एक साळिंदर आलं होतं. अंधारात कधीतरी आलं असावं, कारण बायकोनं पाहिलं तेव्हा त्याचं काम बरंच पुढं गेलेलं होतं. उलटा धरलेला खराटा चार पायांवर चालायला लागावा तसं ते दिसत होतं. मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पंजे खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवून, ते लाकूड खात होतं. खाता खाता थांबायचं, चाटायचं, पुन्हा खायचं.

पहिल्या धावल्या आत्याबाई. मान लांब, पंख पसरलेले, फुत्कार असा की दूधवाला दुसऱ्या गावी निघून गेला असता. साळिंदरानं खाणं थांबवलं नाही. फक्त पाठ केली आणि काटे उभारून खुळखुळवले. विणायच्या सुयांचा डबा कुणी हलवावा तसा आवाज झाला. आत्याबाई अर्ध्या वाटेवर थबकल्या. त्यांनी मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं केली आणि काहीतरी महत्त्वाचं काम आठवल्यासारख्या शांतपणे मागं फिरल्या. मात्र तिसऱ्या पावलाला धीर सुटला आणि त्या उडाल्या. उंबऱ्याहून उंच कधी न उडालेल्या आत्याबाई थेट खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसल्या. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं, त्याच्याच डोक्यावर.

त्या फडफडाटानं सुभेदार जागा झाला. घाबरला की तो नेहमी जवळच्या खुर्चीत चढायचा, लहानपणापासूनची खोड. जवळची खुर्ची हीच होती. समोर काय आहे हे बघायच्या आधीच त्यानं उडी मारली होती. चादर सरकली, स्प्रिंग कण्हली, आणि तो अवाढव्य कुत्रा अंगाचं मुटकुळं करून पोस्टाच्या बाईंच्या यजमानांच्या खळग्यात मावला. पाहुणी कुठून आली ते कळलं नाही. ती कुत्र्याच्या पाठीवर उभी होती आणि तिची शेपूट दुधाच्या बाटल्या घासायच्या ब्रशाएवढी झाली होती.

खुर्चीवाला बाहेर आला तेव्हा चित्र असं होतं. पुरात अडकलेली माणसं एकाच होडीत कोंबावी तसे तिघं खुर्चीत, आणि खाली पूर खुर्चीचा हात खातोय.

“हं!” तो ओरडला. आयुष्यातलं सर्वांत मोठं ‘हं’.

“अहो, बोला की काहीतरी!” खिडकीतून बायको किंचाळली. “थुंका ते खिळे!”

पण भीतीनं जीभ टाळ्याला चिकटली होती आणि जिभेखाली खिळे होते. थुंकायला जावं तर गिळले जातील. तो तोंड घट्ट मिटून, डोळे वटारून, हात हलवत राहिला. साळिंदरानं त्याच्याकडं पाहिलं. ऑफिसात डबा खाताना कुणी फाईल घेऊन आलं की कारकून जसा बघतो, तसं. आणि पुन्हा खायला लागलं.

“जवळ जाऊ नका! काटे फेकतं ते!”

“अंहं,” खुर्चीवाला म्हणाला. म्हणजे, फेकत नाही. पण याची त्याला तितकीशी खात्री नव्हती, म्हणून त्यानं भिंतीला टेकवलेली फळी ढालीसारखी पुढं धरली आणि पाऊल टाकलं. साळिंदरानं पाय आपटले, पाठ फिरवली आणि उलट्या पावलांनी त्याच्याकडं यायला लागलं. आता खुर्चीवालाही उलट्या पावलांनी मागं. त्याची पाठ, याच्या तोंडापुढं फळी; एकमेकांना न बघता दोघं परसाच्या मध्यापर्यंत आले. तेवढ्यात वर बसलेल्या आत्याबाईंचा तोल गेला आणि त्या सुभेदाराच्या डोक्यावर पडल्या. सुभेदाराला वाटलं, आता संपलं. त्यानं डोळे मिटून उडी मारली ती नेमकी साळिंदराच्या अंगावरून. पाहुणी खुर्चीवाल्याच्या खांद्यावर चढली. फळी पडली. कोण कुठं गेलं याचा काही वेळ मेळ लागेना.

धूळ बसली तेव्हा साळिंदर शेडकडं चाललं होतं, पोटभर जेवलेल्या माणसाच्या चालीनं. काथ्याच्या ढिगात ते शिरलं. ढीग थोडा हलला, मग निवांत झाला.

सुभेदाराच्या मांडीत काटा घुसला होता. खुर्चीवाल्यानं खिळे उपटायच्या पकडीनं तो काढला. कुत्रा त्याच्याकडं असा बघत होता, जणू काटा त्यानंच मारला होता. बायकोनं वनखात्याच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून सांगितलं, छेडू नका, दिवसा झोपेल, अंधार पडताना उठून आपलं आपण जाईल, गाडी मोकळी असली तर पाठवू.

मग दोघंही खुर्चीपाशी आले.

खळगा आता खळगा राहिला नव्हता. टाके उसवले होते, थर एका बाजूला सरकला होता, मधे कुत्र्याच्या कुल्ल्यांचा गोल उमटला होता. आणि उजवा हात पुढून खाल्लेला होता. टोक नव्हतंच. उरला होता तो दातांच्या खुणांचा ओबडधोबड खुंट.

खुर्चीवाल्यानं खिळे काढले आणि जमिनीवर बसला. पोस्टाच्या बाई दुपारनंतर येणार होत्या.

“हे बघा,” बायको समजुतीनं म्हणाली, “मागच्या त्या मोडक्या खुर्चीचे हात आहेत ना शेडबाहेर? त्यातला एक बसवा. पॉलिश मारलं की कुणाला कळणार? बाई काय फूटपट्टी घेऊन येणार आहेत?”

“खळगा कुत्र्याचा झालाय.”

“माणसाचा काय नि कुत्र्याचा काय, वरून कापड एकच.”

त्यानं तो हात आणून लावून बघितला. लाकूड त्याच जातीचं, वळणही जवळजवळ तेच. थोडं तासलं की बसत होता. बाईंना कळलं नसतं. वाळूची पिशवी पुन्हा दाबून ठेवली असती तर बैठकही चार लोकांत खपली असती. त्यानं तासायला रंधा घेतलासुद्धा. मग कशानं कोण जाणे, जुन्या खुंटावर त्यानं बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं.

खारट होतं.

तो वाकला आणि खुंटच चाटून बघितला.

“अगंबाई! आता तुम्हीही?” बायको दोन पावलं मागं सरकली.

“मीठ आहे,” तो म्हणाला. “घामाचं. मळ नव्हता तो.” आणि पॉलिश पेपरकडं बघत राहिला. पेपर कालच्या जागीच पडला होता, त्यावरची काळी भुकटी वाऱ्यानं अजून उडाली नव्हती. नव्या हाताला त्यानं पुन्हा हात लावला नाही.

दुपार कलल्यावर पोस्टाच्या बाई आल्या. हातगाडीवाल्याला त्यांनी बाहेर थांबवलं. आत्याबाई आज त्यांच्या अंगावर गेल्या नाहीत. कुंपणाच्या कोपऱ्यात तोंड करून उभ्या होत्या. खुर्ची परसात, उजेडात ठेवलेली होती. खुर्चीवाल्यानं काही झाकलं नव्हतं. गालात खिळे नव्हते, त्यामुळे त्याला तोंड रिकामं रिकामं वाटत होतं आणि त्यात काय ठेवावं ते सुचत नव्हतं.

बाईंनी आधी बैठकीकडं पाहिलं.

“हा ह्यांचा नाही.”

“नाही,” तो म्हणाला. “कुत्र्याचा आहे.”

“काय?”

मग त्यानं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, अडखळत. हंसीण, कुत्रा, मांजर, फळी. सांगताना त्याला कळत होतं की हे हसण्यासारखं आहे आणि आपण ते हसण्यासारखं न वाटेल असं सांगू शकत नाही. दारात बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. एकत्र इतकी वाक्यं नवऱ्याच्या तोंडून तिनं कधी ऐकली नव्हती.

बाई मात्र हसल्या नाहीत. मधेच त्यांची नजर उजव्या हातावर गेली होती आणि तिथंच राहिली होती.

“आणि हे?”

“हे त्यानं खाल्लं. साळिंदरानं.”

बाईंनी खुंटावर हात ठेवला. मग, जिथं टोक असायला हवं होतं तिथं, हवेत हात ठेवला. बराच वेळ.

“बातम्या ऐकताना इथं बोटं वाजवायचे,” त्या म्हणाल्या. “तळहाताला घाम फार यायचा त्यांना. नोकरीला लागले तेव्हा हात मिळवल्यावर साहेबानं रुमाल काढला होता, ते कायम लक्षात ठेवलं. कुणाच्या हातात हात द्यायचे नाहीत. माझ्यासुद्धा. रस्ता ओलांडतानाही माझं मनगट धरायचे, बाहीवरून. मी तुम्हाला खळगा सांगितला. हे सांगायचं सुचलंच नाही. हे आहेच, असं धरून चालले होते.”

खुर्चीवाल्याला आता गप्प राहता आलं असतं. साळिंदरावर सगळं ढकलून तो मोकळा होऊ शकत होता. जनावराला कोण जाब विचारणार?

“बाई, त्यानं खाल्लं नसतं तरी ते राहिलं नसतं,” तो म्हणाला. “काल संध्याकाळी मी घासायला घेतलं होतं. मळ समजून. अर्धं मीच काढलं. म्हणून तर वास सुटला आणि ते आलं. आज सकाळी उरलेलं काढून वर पॉलिश मारणार होतो. मी शब्द दिला होता आणि...”

दारातल्या बायकोनं डोळे मिटून घेतले. एवढं कशाला सांगायचं, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

“म्हणजे तुम्ही पुसून टाकणार होतात,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“त्यानं निदान खाल्लं.”

हा टोमणा होता की आणखी काही, ते खुर्चीवाल्याला कळलं नाही. बाईंनी विचारलं, “कुठं आहे ते?”

त्यानं शेडकडं बोट दाखवलं.

“मी थांबते. मला बघायचंय.”

बायकोनं चहा केला. हातगाडीवाल्याला दुसरं भाडं होतं, तो निघून गेला. तिघंजण मागच्या पायरीवर बसून राहिले. बायकोनं भीत भीत विचारलं, “बैठक पुन्हा पहिल्यासारखी करून देतील हे. देतील ना हो?”

“नको,” बाई म्हणाल्या. “सारखी म्हणजे तीच नव्हे. मला टपालात कळायचं, पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं.”

उन्हं उतरली. परसातल्या खुर्च्यांच्या सावल्या लांबत जाऊन एकमेकींत मिसळल्या. सुभेदार घरात पलंगाखाली होता. काथ्याचा ढीग हलला.

साळिंदर बाहेर आलं. अंग झटकून त्यानं काटे नीट बसवले, नाक वर करून हुंगलं. पायरीवरची माणसं त्याच्या हिशेबात नव्हती. ते थेट खुर्चीकडं गेलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि उजव्या हाताचा खुंट कुरतडायला लागलं. करर्, करर्. खुर्चीवाला फळी घ्यायला उठला. बाईंनी त्याची बाही धरली.

“थांबा.”

तो उभ्यानंच थांबला. साळिंदर खात होतं. मधे मधे थांबून चाटायचं; त्यावेळी त्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. बाई पुढं झुकून बघत होत्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, सांगणं कठीण.

“बघा तरी कसं,” त्या हलकेच म्हणाल्या. “ह्यांना सांगायला हवं होतं. उगाच आयुष्यभर लाजले.”

खुंट जोडापर्यंत संपत आला. साळिंदरानं खाली उतरून खुर्चीला अर्धी फेरी मारली आणि डाव्या हाताला नाक लावलं. जरा वेळ हुंगलं. पंजे वर ठेवले.

बाई उठल्या. खुर्चीवाल्याला वाटलं, त्या त्यालाच फळी आणायला सांगतील. पण त्या स्वतःच चालत खुर्चीजवळ गेल्या. साळिंदरानं काटे उभारले, खुळखुळवले, पाय आपटले. घरातून पलंगाखालून एक कण्हणं ऐकू आलं. बाई काट्यांपासून हातभर अंतरावर थांबल्या आणि जेवायला बसलेल्या माणसाला सांगावं तशा म्हणाल्या,

“पुरे आता. बाकीचं माझं.”

साळिंदर काही क्षण तसंच राहिलं. मग खाली उतरलं. घाई न करता, वाटेत एकदा मागं वळून, ते कुंपणाखालून खाणीकडं निघून गेलं. झुडपांत थोडा वेळ सळसळ होत राहिली.

बाईंनी खुर्चीच्या डाव्या हातावर हात ठेवला. “ह्या हातावर चहाचा कप असायचा त्यांचा,” त्या म्हणाल्या. “ह्याला घासू नका, पॉलिश नको, काही नको.”

“आणि उजवा?” खुर्चीवाल्यानं विचारलं.

“नवीन बसवा. साधा. त्यांच्यासारखा करायला जाऊ नका.” त्या बैठकीकडं बघत राहिल्या, कुत्र्यानं पाडलेल्या गोलाकडं. “आणि हे सगळं उपसून नीट भरा. मी कधी बसले नाही हिच्यात. ह्यांच्यासमोर स्टुलावर बसायचे मी, इतकी वर्षं. कंबर गेली माझी.”

“किती घट्ट भरू?”

“तुम्हीच बघा,” बाई म्हणाल्या. “बसून दाखवू का?”

त्या बसल्या. आधी अवघडून, टोकावर. मग हळूहळू मागं सरकत. उजवा हात टेकायला गेला आणि रिकामा खाली आला. तो त्यांनी मांडीवर घेतला. खुर्चीवाला गुडघ्यांवर बसून बैठकीच्या कडेनं बोटं फिरवत होता, कुठं किती काथ्या लागेल त्याचा अंदाज घेत. बायको दिवा लावायला आत गेली.